नेटवर्क कार्ड पासथ्रू

नेटवर्क कार्ड पासथ्रू ही संगणकीय आभासीकरणातील एक पद्धत आहे. या पद्धतीत यजमान संगणकात बसवलेले प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड एखाद्या आभासी यंत्राच्या थेट ताब्यात दिले जाते. त्यानंतर यजमानाची संचालन प्रणाली ते कार्ड वापरत नाही. आभासी यंत्रातील अतिथी प्रणाली स्वतःच्या ड्रायव्हरद्वारे ते चालवते. जलद व कमी विलंबाचा संपर्क, तसेच कार्डाच्या सर्व अंगभूत सुविधांचा वापर हे या पद्धतीचे मुख्य फायदे आहेत. मात्र कार्डाचा ताबा फर्मवेअर, आयओएमएमयू, यजमानाचे कर्नल, हायपरवायझर आणि अतिथी प्रणाली अशा अनेक थरांतून हस्तांतरित होतो. त्यांपैकी एका थरातही त्रुटी राहिल्यास आभासी यंत्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊनही नेटवर्क चालत नाही. त्यामुळे या पद्धतीतील बिघाडांचे निदान करताना 'या क्षणी कार्ड कोणाच्या ताब्यात आहे?' हा प्रश्न प्रत्येक थरावर क्रमाने विचारावा लागतो.

## पार्श्वभूमी

आभासी यंत्राला नेटवर्क पुरवण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत हायपरवायझर एखाद्या जुन्या, सुपरिचित कार्डाची हुबेहूब नक्कल करतो. अतिथी प्रणालीला ते खरे कार्ड वाटते; परंतु तिची प्रत्येक कृती हायपरवायझरला सॉफ्टवेअरमध्ये पार पाडावी लागत असल्याने वेग कमी मिळतो. दुसऱ्या पद्धतीत आपण आभासी यंत्रात आहोत याची अतिथी प्रणालीला जाणीव असते आणि ती खास त्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर वापरते. लिनक्समधील 'व्हर्टआयओ' हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. बहुतेक कामांसाठी ही पद्धत पुरेशी असते. तिसरी पद्धत पासथ्रूची. तिच्यात पॅकेटांच्या वाटेवरून यजमानाचे सॉफ्टवेअर जवळजवळ पूर्णपणे बाजूला होते.

पासथ्रूचा वापर प्रामुख्याने आभासी यंत्रात चालणारे राउटर व फायरवॉल, दूरसंचार कंपन्यांची नेटवर्क-उपकरणे, उच्च क्षमतेची संगणन केंद्रे आणि क्लाउड सेवा यांत होतो. एकाच संगणकावर फायरवॉल, फाइल सर्व्हर व इतर सेवा वेगवेगळ्या आभासी यंत्रांत चालवणाऱ्या लहान संस्था व हौशी वापरकर्तेही ही पद्धत वापरतात.

## कार्यपद्धती

नेटवर्क कार्ड पॅकेटांची ने-आण करताना प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचन-लेखन करते. या क्रियेला डीएमए म्हणतात. अतिथी प्रणाली कार्डाला जो मेमरी-पत्ता सांगते, तो तिच्या दृष्टीने खरा असला तरी प्रत्यक्ष मेमरीतील पत्ता नसतो. कार्डाने तो पत्ता जसाच्या तसा वापरला, तर ते यजमानाच्या किंवा दुसऱ्या आभासी यंत्राच्या मेमरीवर लिहील. हा धोका टाळण्याचे काम आयओएमएमयू हा हार्डवेअर घटक करतो. कार्डाने मागितलेल्या प्रत्येक पत्त्याचे तो खऱ्या पत्त्यात रूपांतर करतो आणि परवानगी नसलेल्या पत्त्यावरील प्रवेश नाकारतो. इंटेलच्या प्रणालींत या सुविधेला व्हीटी-डी, एएमडीच्या प्रणालींत एएमडी-व्हीआय आणि आर्म प्रणालींत एसएमएमयू असे नाव आहे.

लिनक्स यजमानावर कार्डाचा ताबा 'व्हीएफआयओ' या यंत्रणेमार्फत दिला जातो. यजमानाचा नेहमीचा ड्रायव्हर कार्डापासून सोडवून त्याच्या जागी 'व्हीएफआयओ-पीसीआय' हा ड्रायव्हर जोडतात. हा ड्रायव्हर स्वतः कार्ड चालवत नाही. तो कार्डाचे नोंदकोश, मेमरीचे भाग आणि इंटरप्ट हायपरवायझरच्या स्वाधीन करतो.

### एसआर-आयओव्ही

संपूर्ण कार्ड एकाच आभासी यंत्राला देणे अनेकदा परवडत नाही. त्यासाठी पीसीआय-सिग या संस्थेने २००७ मध्ये एसआर-आयओव्ही हे मानक प्रसिद्ध केले. या मानकानुसार एकच कार्ड एक मूळ कार्य (पीएफ) आणि अनेक आभासी कार्ये (व्हीएफ) दर्शवू शकते. मूळ कार्य यजमानाकडे राहते आणि आभासी कार्ये वेगवेगळ्या आभासी यंत्रांना दिली जातात. अशा प्रकारे कार्डाचे नियंत्रण यजमानाकडे ठेवून पॅकेटांची वाट मात्र थेट करता येते.

## इतिहास

इंटेल व एएमडी यांनी आयओएमएमयूविषयीची आपापली विनिर्देशने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. लिनक्स कर्नलमध्ये केव्हीएम हे हायपरवायझर २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाले आणि २००८ च्या अखेरीस आलेल्या २.६.२८ या आवृत्तीत त्याला उपकरण-हस्तांतरणाची सोय मिळाली. व्हीएमवेअरने २००९ मध्ये व्हीस्फिअर ४ या उत्पादनात अशीच सुविधा दिली. केव्हीएममधील जुन्या यंत्रणेची जागा पुढे व्हीएफआयओने घेतली. ती २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये दाखल झाली. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये एसआर-आयओव्हीला विंडोज सर्व्हर २०१२ पासून आणि संपूर्ण उपकरण देण्याला विंडोज सर्व्हर २०१६ पासून आधार मिळाला.

## बिघाडांचे निदान

पासथ्रूमधील बिघाडाचे लक्षण बहुधा वरच्या थरात दिसते, तर कारण खालच्या थरात असते. अतिथी प्रणालीत कार्ड दिसत नाही म्हणून तिथलाच ड्रायव्हर पुन्हापुन्हा बसवला जातो आणि प्रत्यक्षात बायोसमधील एक पर्याय बंद असतो, असे होऊ शकते. म्हणून तपासणी तळापासून वर करणे श्रेयस्कर ठरते.

तपासणीपूर्वी एक खबरदारी आवश्यक असते. यजमानापर्यंत पोहोचण्याची वाट ज्या कार्डातून जाते, तेच कार्ड आभासी यंत्राला दिल्यास यजमानाशी असलेला संपर्क तत्काळ तुटतो. त्यामुळे यजमानाच्या व्यवस्थापनासाठी वेगळे कार्ड राखून ठेवावे लागते, किंवा संगणकाला पडदा व कळफलक जोडलेला असावा लागतो. मोठ्या डेटा सेंटरमध्ये त्यासाठी स्वतंत्र व्यवस्थापन-पोर्ट असतो. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्यासारख्या गावात एकाच संगणकावर फायरवॉल व सर्व्हर चालवायचे ठरवल्यास ही खबरदारी अधिकच महत्त्वाची ठरते. कारण संपर्क तुटल्यावर दूर बसलेल्या जाणकाराला काहीच करता येत नाही आणि कोणाला तरी यंत्रासमोर येऊन बसावे लागते.

### फर्मवेअर आणि आयओएमएमयू

पहिली तपासणी बायोस किंवा यूईएफआयमध्ये करतात. इंटेलच्या यंत्रांवर व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी हे दोन वेगळे पर्याय असतात. पहिला प्रोसेसरच्या आभासीकरणासाठी, तर दुसरा आयओएमएमयूसाठी असतो. व्हीटी-एक्स चालू असल्यास साधी आभासी यंत्रे उत्तम चालतात. त्यामुळे व्हीटी-डी बंद असल्याचे लक्षात येत नाही. त्याखेरीज प्रोसेसर, मदरबोर्ड आणि फर्मवेअर या तिघांचाही आधार लागतो.

फर्मवेअरमध्ये पर्याय चालू करूनही लिनक्स कर्नल आयओएमएमयू वापरेलच असे नाही. इंटेलच्या यंत्रांवर अनेक वितरणांत त्यासाठी कर्नलच्या आरंभ-ओळीत स्वतंत्र पर्याय लिहावा लागतो. एएमडीच्या यंत्रांवर तो सहसा आपोआप चालू होतो. खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे सिसएफएसमधील आयओएमएमयू गटांची निर्देशिका पाहणे. ती रिकामी असल्यास आयओएमएमयू कार्यरत नाही आणि पुढील कोणत्याही तपासणीला अर्थ उरत नाही.

याच ठिकाणी नामसाधर्म्यामुळे एक गैरसमज होतो. कर्नलच्या आरंभ-ओळीत आयओएमएमयूला 'पीटी' हे मूल्य देता येते आणि ते 'पासथ्रू' या शब्दाचेच लघुरूप आहे. परंतु त्याचा अर्थ कार्ड आभासी यंत्राला देणे असा नाही. यजमानाने स्वतः वापरलेल्या उपकरणांसाठी पत्त्यांचे रूपांतर टाळावे, एवढाच त्याचा अर्थ होतो. हा पर्याय यजमानाचा वेग सुधारू शकतो, पण तो आयओएमएमयू चालू करत नाही.

काही सर्व्हरांमध्ये फर्मवेअर मेमरीचा विशिष्ट भाग एखाद्या उपकरणासाठी कायमचा राखून ठेवते. अशा राखीव भागाला इंटेलच्या परिभाषेत आरएमआरआर म्हणतात. राखीव भाग असलेले उपकरण आभासी यंत्राला देण्यास लिनक्स कर्नल नकार देते आणि तशी नोंद करते. यावर उपाय बहुधा निर्मात्याच्या फर्मवेअर-सुधारणेत किंवा बायोसमधील संबंधित पर्यायात असतो.

### आयओएमएमयू गट

आयओएमएमयू ज्या उपकरणांना एकमेकांपासून खात्रीने वेगळे करू शकत नाही, त्यांना कर्नल एका गटात ठेवते. ताबा नेहमी संपूर्ण गटाचा द्यावा लागतो. सामाईक खात्यातील जमिनीचा एक तुकडा इतर हिस्सेदारांना वगळून परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. नेटवर्क कार्ड ज्या गटात आहे त्याच गटात डिस्कचा नियंत्रक असेल आणि तो यजमानाच्या ड्रायव्हरकडे असेल, तर गट हस्तांतरणास योग्य नसल्याची सूचना देऊन हायपरवायझर थांबतो. गटातील पीसीआय पूल मात्र व्हीएफआयओला जोडावे लागत नाहीत.

गट मोठा होण्याचे कारण बहुधा मदरबोर्डच्या रचनेत असते. एका पीसीआय एक्सप्रेस पुलाखालील दोन उपकरणे आयओएमएमयूपर्यंत न जाता परस्पर संवाद साधू शकतात. तो संवाद रोखणारी एसीएस ही सुविधा त्या पुलात नसेल, तर कर्नल त्यांना वेगळे मानत नाही. पहिला उपाय म्हणजे कार्ड दुसऱ्या खाचेत बसवणे. प्रोसेसरला थेट जोडलेल्या आणि चिपसेटमार्फत जोडलेल्या खाचांचे गट वेगवेगळे असू शकतात. फर्मवेअरमध्ये एसीएसचा पर्याय असल्यास तो चालू करणे हा दुसरा उपाय होय.

एसीएस असल्याचे भासवून गट फोडणारी एक दुरुस्तीही काही वापरकर्ते वापरतात. ती अधिकृत लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट केलेली नाही. तिच्यामुळे उपकरणे प्रत्यक्षात वेगळी होत नाहीत. केवळ कर्नलची तक्रार थांबते. त्यामुळे परस्परांवर विश्वास नसलेली आभासी यंत्रे एकत्र चालवताना ती वापरणे असुरक्षित ठरते.

### यजमानाचा ड्रायव्हर

कार्डावर सध्या कोणता ड्रायव्हर आहे हे 'एलएसपीसीआय' या आज्ञेने पाहता येते. तेथे नेहमीचा नेटवर्क ड्रायव्हर दिसत असेल, तर कार्ड अद्याप यजमानाच्याच ताब्यात आहे. यजमान सुरू होताना नेटवर्क ड्रायव्हर व्हीएफआयओच्या आधी पोहोचला, तर असे घडते. व्हीएफआयओचे मॉड्यूल आरंभिक रॅम-डिस्कमध्ये समाविष्ट करून किंवा भारणाचा क्रम ठरवून देऊन ही अडचण दूर होते.

कार्ड निवडण्याची पद्धतही चुकीला कारण ठरते. निर्माता व उपकरण क्रमांकांवरून कार्ड निवडल्यास त्याच जातीची सर्व कार्डे व्हीएफआयओकडे जातात. एकाच प्रकारची दोन कार्डे असतील आणि त्यांतील एक यजमानाला हवे असेल, तर दोन्ही गमावली जातात. अशा वेळी त्या विशिष्ट कार्डाच्या पीसीआय पत्त्यावर ड्रायव्हरची सक्ती करावी लागते. परंतु पीसीआय पत्ताही कायमचा नसतो. यंत्रात नवे उपकरण बसवल्यास बसचे क्रमांक सरकू शकतात आणि काल '०३:००.०' या पत्त्यावर असलेले नेटवर्क कार्ड आज '०४:००.०' वर जाऊ शकते. आभासी यंत्राच्या जुन्या मांडणीत तोच पत्ता राहिल्यास भलतेच उपकरण, प्रसंगी यजमानाचा डिस्क नियंत्रकही, त्याच्याकडे सोपवला जातो. म्हणून हार्डवेअरमधील प्रत्येक बदलानंतर पत्ते पुन्हा तपासणे इष्ट असते.

### मेमरी

साध्या आभासी यंत्राची मेमरी यजमान गरजेनुसार देऊ किंवा काढून घेऊ शकतो. पासथ्रू असलेल्या यंत्राच्या बाबतीत असे करता येत नाही. कार्ड कोणत्या क्षणी मेमरीच्या कोणत्या भागावर लिहील हे यजमानाला आधी समजत नाही आणि सर्वसाधारण कार्डाला 'तो भाग आता जागेवर नाही, थांब' असे सांगण्याची सोय नसते. त्यामुळे यंत्र सुरू होतानाच त्याची सर्व मेमरी जागच्या जागी बांधून ठेवली जाते. ८ जीबीच्या यंत्राला पहिल्या क्षणापासून पूर्ण ८ जीबी मेमरी लागते.

यातून दोन लक्षणे उद्भवतात. यजमानाकडे तेवढी मेमरी मोकळी नसेल, किंवा हायपरवायझरच्या प्रक्रियेला मेमरी बांधून ठेवण्याची घातलेली मर्यादा कमी असेल, तर यंत्र 'मेमरी मिळू शकत नाही' अशा आशयाची सूचना देऊन बंद पडते. दुसरे म्हणजे, इतर यंत्रे आधीपासून चालू असल्यास यजमानाची मेमरी संपून त्यांपैकी एखादे अनपेक्षितपणे बंद होऊ शकते. मेमरी फुगवण्याची-आटवण्याची बलूनिंग ही सोय अशा यंत्रात उपयोगी पडत नाही.

### इंटरप्ट

पॅकेट आल्याची वर्दी कार्ड इंटरप्टद्वारे देते. आधुनिक कार्डे त्यासाठी एमएसआय किंवा एमएसआय-एक्स ही पद्धत वापरतात. इंटरप्ट योग्य यंत्राकडेच जावेत यासाठी इंटरप्ट-पुनर्मार्गण ही आयओएमएमयूची सुविधा आवश्यक असते. ती नसल्यास व्हीएफआयओ ताबा देण्यास नकार देते. असुरक्षित इंटरप्टना मुभा देणारा पर्याय उपलब्ध आहे, परंतु त्यामुळे अतिथी प्रणालीला यजमानाकडे खोटे इंटरप्ट पाठवण्याची वाट मोकळी होते.

कार्ड अतिथी प्रणालीत दिसते, ड्रायव्हर बसतो, तारेचा संपर्कही दिसतो, पण एकही पॅकेट येत नाही, अशा स्थितीत यजमानावरील इंटरप्टची मोजणी पाहावी. ती वाढत नसल्यास वर्दी पोहोचत नाही असा निष्कर्ष निघतो. आयओएमएमयूने प्रवेश नाकारल्याच्या नोंदी कर्नलच्या नोंदवहीत दिसत असतील, तर कार्ड आपल्याला न दिलेल्या मेमरीकडे जाण्याचा प्रयत्न करत आहे. अशा वेळी दोष कार्डाच्या शिल्लक राहिलेल्या जुन्या स्थितीत किंवा अतिथीच्या ड्रायव्हरमध्ये असू शकतो.

### कार्डाचे पुनःस्थापन

आभासी यंत्र पहिल्यांदा व्यवस्थित चालते, पण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कार्ड प्रतिसाद देत नाही, हे लक्षण पुनःस्थापनातील दोषाचे निदर्शक आहे. ताबा बदलताना कार्ड मूळ स्थितीत यावे लागते. त्यासाठी एफएलआर ही केवळ त्या कार्यापुरती पुनःस्थापना करणारी सुविधा सर्वांत योग्य असते. ती नसल्यास कार्डाची वीज-अवस्था बदलणे किंवा संपूर्ण बस पुनःस्थापित करणे हे मार्ग वापरले जातात. दोन पोर्ट असलेल्या कार्डाचा एक पोर्ट यजमानाकडे असेल, तर बस पुनःस्थापित करता येत नाही; कारण दुसरा पोर्टही बंद पडेल. कोणताच मार्ग उपलब्ध नसल्यास यजमान बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच उपाय उरतो. असे कार्ड पासथ्रूसाठी अयोग्य समजले जाते.

कार्डावरील आरंभ-रॉममुळेही यंत्र सुरुवातीलाच अडकू शकते. नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची गरज नसल्यास हायपरवायझरच्या मांडणीत हा रॉम अतिथीला न दाखवण्याचा पर्याय निवडतात.

### अतिथी प्रणाली

खालचे सर्व थर निर्दोष आढळल्यावर अतिथी प्रणालीकडे वळतात. व्हर्टआयओसाठी तयार केलेल्या अतिथी प्रणालीत प्रत्यक्ष कार्डाचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते. विंडोजच्या उपकरण व्यवस्थापकात 'कोड १०' ही सूचना उपकरण सुरू होऊ शकले नाही एवढेच सांगते; तिचे कारण ड्रायव्हरमध्ये असेल किंवा खालच्या थरातही असेल. लिनक्समध्ये जोडणीचे नाव पीसीआय पत्त्यावरून ठरत असल्याने कार्ड नव्या पत्त्यावर आले की नाव बदलते. जुन्या नावाने लिहिलेली नेटवर्क मांडणी तेव्हा लागू होत नाही आणि कार्ड निकामी झाल्याचा भास होतो.

वेग अपेक्षेपेक्षा कमी असल्यास कार्डाला मिळालेल्या पीसीआय एक्सप्रेस मार्गिकांची संख्या पाहावी. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये कार्ड एका प्रोसेसरला जोडलेले आणि आभासी यंत्र दुसऱ्या प्रोसेसरवर चालणारे असेल, तर प्रत्येक पॅकेटला दोन प्रोसेसरमधील दुवा ओलांडावा लागतो. यंत्राचे आभासी प्रोसेसर व मेमरी कार्डाच्याच बाजूला ठेवल्याने ही हानी टळते.

### आभासी कार्यांतील बिघाड

एसआर-आयओव्ही वापरताना काही वेगळे बिघाड आढळतात. मूळ कार्याची जोडणी यजमानावर बंद असल्यास त्याच्या आभासी कार्यांनाही सहसा संपर्क मिळत नाही. आभासी कार्याला यजमानाने हार्डवेअर पत्ता नेमून दिला नसेल, तर ड्रायव्हर दर वेळी यादृच्छिक पत्ता निवडू शकतो; परिणामी यंत्राला डीएचसीपीकडून प्रत्येक वेळी नवा आयपी पत्ता मिळतो. आभासी यंत्रातच नेटवर्क पूल किंवा कंटेनर चालवल्यास बाहेर जाणारी पॅकेट नाहीशी होतात. कार्डाची तोतयेगिरी-तपासणी नेमलेल्या पत्त्याव्यतिरिक्त अन्य पत्त्यावरून निघालेली पॅकेट टाकून देते, हे त्याचे कारण होय. ही तपासणी शिथिल करण्याचा किंवा आभासी कार्याला विश्वासार्ह ठरवण्याचा अधिकार यजमानाकडे असतो. अतिथी प्रणालीला तो नसतो.

## लक्षणे आणि संभाव्य कारणे

- आयओएमएमयू गटांची निर्देशिका रिकामी: व्हीटी-डी किंवा एएमडी-व्हीआय बंद, अथवा कर्नलचा पर्याय लिहिलेला नाही.
- गट हस्तांतरणास अयोग्य: गटातील दुसरे उपकरण यजमानाच्या ड्रायव्हरकडे.
- मेमरी मिळत नाही: मोकळी मेमरी अपुरी किंवा बांधून ठेवण्याची मर्यादा कमी.
- संपर्क दिसतो, पॅकेट येत नाहीत: इंटरप्ट पोहोचत नाहीत किंवा आयओएमएमयू प्रवेश नाकारतो.
- दुसऱ्यांदा सुरू केल्यावर कार्ड मूक: पुनःस्थापनेची सोय नाही.
- नवे उपकरण बसवल्यावर बिघाड: पीसीआय पत्ते सरकले.
- यंत्राला दर वेळी नवा आयपी पत्ता: आभासी कार्याचा हार्डवेअर पत्ता नेमलेला नाही.

## महाराष्ट्रातील क्लाउड केंद्रांमधील वापर

महाराष्ट्रात या तंत्राचा व्यापक वापर मुंबई व पुणे येथील क्लाउड केंद्रांमध्ये होतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात तीन क्लाउड विभाग सुरू केले. त्यांपैकी मध्य भारत विभाग पुण्यात आणि पश्चिम भारत विभाग मुंबईत आहे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला. दोन्ही सेवांमध्ये ग्राहकाच्या आभासी यंत्राला जलद नेटवर्क देण्यासाठी एसआर-आयओव्हीचा आधार घेतला जातो.

ॲमेझॉनच्या सेवेत जलद नेटवर्क चालू आहे की नाही हे अतिथी प्रणालीतील ड्रायव्हरच्या नावावरून ओळखता येते. जुन्या प्रकारच्या यंत्रांत इंटेल ८२५९९ कार्डाच्या आभासी कार्याचा ड्रायव्हर, तर नव्या यंत्रांत 'ईएनए' हा ड्रायव्हर दिसतो. ईएनए ड्रायव्हर नसलेली जुनी प्रणाली नव्या प्रकारच्या यंत्रावर हलवल्यास तिच्याशी संपर्कच होत नाही. म्हणून ड्रायव्हर आधी बसवावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या सेवेत लिनक्स यंत्रात एकाच हार्डवेअर पत्त्याच्या दोन जोडण्या दिसतात. एक हायपर-व्हीची कृत्रिम जोडणी आणि दुसरी थेट कार्डाची. यजमानाची देखभाल करायची असते तेव्हा थेट कार्ड काही काळ काढून घेतले जाते आणि पॅकेट कृत्रिम जोडणीतून जात राहतात. त्यामुळे आयपी पत्ता व आज्ञावल्या कृत्रिम जोडणीलाच बांधाव्या लागतात. थेट कार्डाला बांधलेली आज्ञावली देखभालीच्या वेळी बंद पडते.

## सुरक्षा

पासथ्रूची सुरक्षितता आयओएमएमयूवर अवलंबून असते. गट फोडणारी दुरुस्ती आणि असुरक्षित इंटरप्टची मुभा हे दोन्ही उपाय यंत्र चालू करून देतात, परंतु ज्या भिंतीच्या भरवशावर कार्ड अतिथीकडे सोपवले जाते तीच भिंत दुबळी करतात. घरगुती प्रयोगात हा धोका स्वीकारता येतो; इतरांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थेत तो स्वीकारार्ह नसतो. याखेरीज, संपूर्ण कार्डाचा ताबा मिळालेली अतिथी प्रणाली कार्डावरील फर्मवेअर बदलू शकते आणि असा बदल यंत्र बंद केल्यावरही टिकून राहू शकतो. त्यामुळे असे कार्ड एका वापरकर्त्याकडून दुसऱ्याकडे देण्यापूर्वी त्याचे फर्मवेअर तपासणे गरजेचे असते.

## मर्यादा आणि पर्याय

पासथ्रूमुळे आभासी यंत्र विशिष्ट संगणकातील विशिष्ट कार्डाशी बांधले जाते. चालू यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवणे, त्याची स्थिती जतन करणे आणि गोठवून ठेवणे या सोयी सर्वसाधारणपणे गमवाव्या लागतात. २०१८ मध्ये लिनक्स ४.१८ मध्ये आलेल्या 'नेट-फेलओव्हर' ड्रायव्हरमुळे स्थलांतराच्या काळात व्हर्टआयओ जोडणीवर येण्याची सोय झाली. २०२२ मध्ये लिनक्स ५.१८ मध्ये व्हीएफआयओच्या स्थलांतर-संकेतांची सुधारित रचना आली. मात्र त्यासाठी कार्ड व ड्रायव्हर या दोघांचाही आधार लागतो.

या मर्यादांमुळे पासथ्रू निवडण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे का, हे पाहिले जाते. घर, शाळा किंवा लहान कार्यालयातील १ गिगाबिट वेगाच्या जोडणीसाठी आधुनिक यंत्रावर व्हर्टआयओ सहसा पुरेसे ठरते आणि त्यात वर सांगितलेले बहुतेक बिघाड उद्भवतच नाहीत. १० गिगाबिट वा त्याहून अधिक वेग, अत्यल्प विलंब किंवा कार्डाच्या विशेष सुविधा आवश्यक असतील तेव्हा पासथ्रूचा पर्याय उपयुक्त ठरतो. एकाहून अधिक यंत्रांना असा वेग द्यायचा असल्यास संपूर्ण कार्डाऐवजी एसआर-आयओव्हीची आभासी कार्ये देणे सोयीचे असते.